पहिली चूक कुणाच्या अंगावर?

१९५७ साल. अमेरिकेतलं बॉल्टिमोर, तिथलं सिटी हॉस्पिटल. तुम्ही डॉक्टर नाही, नर्स नाही. आजवर कुणाला तापाची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय न दिलेले साधे नोकरदार आहात. एका प्रयोगाला माणसं हवीत म्हणून आलात आणि आता तुमच्यासमोर एक तरुण उताणा पडलाय. थोड्या वेळापूर्वी तो तुमच्याशी बोलत होता. वैद्यकीचा विद्यार्थी आहे, सगळं समजून घेऊन स्वतःहून पुढं आलाय. त्याला आधी गुंगीचं औषध दिलं, मग स्नायू लुळे पाडणारं. मान कलंडली, हात पडले आणि छाती हलायची थांबली.

पीटर साफार नावाचा भूलतज्ज्ञ तुम्हाला हातानं खूण करतो. व्हिएन्नात जन्मलेला, नुकती तिशी ओलांडलेला माणूस. सांगितलं होतं तसं तुम्ही तरुणाच्या तोंडावर तोंड ठेवता आणि फुंकता. काही होत नाही. हवा तुमच्याच गालांत परत येते. डोकं आणखी मागं न्यायला हवं. नेता. जबडा वर उचलता, नाक चिमटीत धरता, पुन्हा फुंकता. ह्या वेळी त्याची छाती तुमच्या डोळ्यांदेखत वर येते. शेजारी नळी आणि ऑक्सिजन घेऊन डॉक्टर उभे आहेत, वेळ आली तर ते झेपावतील, पण अजून त्यांनी हात लावलेला नाही. यंत्रं नोंद घेतायत. एका अडाण्याच्या फुंकरीवर एक माणूस जिवंत राहतोय.

तोवर बुडालेल्याला पालथं घालून पाठ दाबायला आणि हात उचलायला शिकवलं जाई. साफारच्या प्रयोगांनी दाखवून दिलं, की बेशुद्ध माणसाची जीभ मागं पडून घसा बंद करते आणि पाठ कितीही दाबली तरी आत पुरेशी हवा जात नाही. १९५८ साली हे निष्कर्ष छापून आले आणि जगभरची प्रथमोपचाराची पुस्तकं बदलली.

पण तुम्ही निष्कर्षाकडं नको, त्या निजलेल्या पोराकडं बघा. सरावासाठी अंग देणारा इथं डॉक्टर होऊ घातलेला माणूस आहे, त्यानं होकार दिलाय, आणि त्याला वाचवायला तज्ज्ञांची फौज उभी आहे. वैद्यकीच्या इतिहासात असं क्वचितच घडलंय. शिकणाऱ्याची पहिली चूक कुणाच्या तरी अंगावर उमटतेच, आणि ते अंग बहुधा धर्मादाय वॉर्डातल्या माणसाचं असायचं. ज्याला खासगी डॉक्टर परवडत नाही, ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही, त्याचं. आपल्याकडंही नवशिक्याची पहिली सुई जनरल वॉर्डात टोचली जाते, स्पेशल रूममध्ये नाही. आभासी रुग्णाविषयी, म्हणजे शिकणाऱ्यांसाठी संगणकात उभ्या केलेल्या रुग्णाविषयी, बोलताना लोक पडद्याची, डोळ्यांवर चढवायच्या आभासी चष्म्याची, तंत्राची चर्चा करतात. मला त्यात हा हिशेब दिसतो. पहिली चूक गरिबाच्या अंगावरून उचलून दुसरीकडं कुठं ठेवता येईल, ह्याचा शोध माणसं अडीचशे वर्षं घेतायत. चला, त्या शोधाच्या मागावर जाऊ.

दोनशे वर्षं मागं. पंधराव्या लुईचं फ्रान्स. एका लहान गावाच्या सभागृहात तुम्ही बाकावर बसला आहात. आजूबाजूला शेतकऱ्यांच्या बायका, बहुतेकींना लिहिता-वाचता येत नाही. पुढं मादाम द्यु कुद्रे उभी आहे. १७५९ साली राजानं तिला देशभर फिरून सुइणी तयार करायची आज्ञा दिली. तिच्यासमोर कापड, कातडं आणि भरण घालून शिवलेला बाईचा धड-मांड्यांचा भाग आहे आणि दोऱ्यांनी जोडलेलं कापडी बाळ. ती तुम्हाला पुढं बोलावते. बाळ आडवं आहे. हात आत घालून त्याचा पाय शोधायचा. तुम्ही चुकीचं टोक ओढता. कुणी किंचाळत नाही, कुणी मरत नाही. मादाम बाळ परत आत ठेवते आणि पुन्हा करायला लावते.

तिच्या हाताखालून हजारो बायका शिकून गेल्या. तिच्या ‘यंत्रां’पैकी एक रुआं शहरातल्या संग्रहालयात आजही आहे. त्याचा क्ष-किरण काढला तेव्हा कापडाच्या आत एका खऱ्या तरुण स्त्रीच्या कटिभागाची हाडं निघाली. ती कोण होती, तिला कुणी विचारलं होतं का, हे कापड सांगत नाही.

आता १९६०, नॉर्वेचं स्टाव्हांगर बंदर. ओस्मुंड लेर्डाल खेळणी बनवतो. मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या, छोट्या मोटारगाड्या. काही वर्षांपूर्वी त्याचा लहानगा मुलगा पाण्यात बुडता बुडता वाचला, बापानंच त्याला बाहेर काढलं. बियॉर्न लिंड ह्या भूलतज्ज्ञाकडून साफारची पद्धत कळल्यावर लेर्डालनं माणसाएवढी बाहुली घडवली. तिचा चेहरा त्यानं एका मुखवट्यावरून घेतला. सेन नदीत सापडलेल्या अनोळखी मुलीचा तो मृत्यूमुखवटा, असं सांगतात. तुम्ही गुडघ्यांवर बसून बाहुलीचं डोकं मागं नेता, फुंकता, छाती फुगते. बॉल्टिमोरमध्ये जे करायला एका जिवंत पोराला लुळं पाडावं लागलं, ते आता शाळेतल्या मुलांना वर्गात करता येतं. पुढं साफारच्या सूचनेवरून बाहुलीच्या छातीत स्प्रिंग बसली आणि छाती दाबायचा सरावही तिच्यावरच होऊ लागला.

बाहुली मात्र बोलत नाही, तिचा आजार वाढत नाही, चुकलेल्या औषधानं ती बिघडत नाही. हे जमायला संगणक यावा लागला, आणि तो वाटतं त्याच्या फार आधी आला. १९६३ साली इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ ह्या संगणकावर मेरीअ‍ॅन बिट्झर ह्या परिचारिकेनं हृदयविकाराच्या रुग्णाचा पाठ तयार केला. विद्यार्थिनी पडद्यासमोर बसून रुग्णाची माहिती मागवायची, काय करायचं ते ठरवायची आणि परिणाम वाचायची. १९६७ मध्ये लॉस एंजेलिसच्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘सिम वन’ हा संगणकावर चालणारा पुतळा उभा राहिला. त्याच्या पापण्या मिटायच्या, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या-लहान व्हायच्या, मानेवर नाडी लागायची, दिलेल्या औषधाला शरीर उत्तर द्यायचं. असा एकच बनला. एवढा महाग, की दुसरा परवडला नाही. तिथं फार थांबू नका. आपल्याला जायचंय तिथं संगणक नाही.

१९६८, पिट्सबर्ग. हिल डिस्ट्रिक्ट ही काळ्या लोकांची वस्ती. एक बाई छाती धरून जिन्यात बसली आहे. फोन केला तर काय येतं? पोलिसांची व्हॅन. कैदी नेतात तीच. दोन शिपाई बाईला मागं घालतात आणि दोघंही पुढं जाऊन बसतात. मागं ती एकटी. गाडी रुग्णालयात पोचेपर्यंत तिचा श्वास चालू आहे की नाही हे बघायला तिच्याजवळ कुणी नाही. पेन्सिल्व्हेनियाचा माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स १९६६ साली सभेत कोसळला, त्यालाही अशाच अप्रशिक्षित हातांनी नेलं आणि तो वाचला नाही. त्याच वर्षी साफारची स्वतःची मुलगी दम्याच्या झटक्यानं गेली. ज्यानं जगाला श्वास द्यायला शिकवलं, त्याच्या घरी हे झालं.

साफार आता पिट्सबर्गमध्ये आहे. १९६७ पासून फ्रीडम हाऊस नावाच्या संस्थेबरोबर तो हिल डिस्ट्रिक्टमधल्याच तरुणांना रुग्णवाहिकेवर उपचार करायला तयार करतोय. बेकार, काही शाळा अर्धवट सोडलेले, काही व्हिएतनामहून परतलेले. शहर त्यांना ‘कामावर घेण्याजोगे नसलेले’ म्हणतं. तुम्ही त्यांच्यातले एक आहात. जवळपास तीनशे तासांचं शिक्षण: शरीररचना, औषधं, हृदयाचे ठोके वाचणं, बाळंतपण, गाडी चालवणं. दिवसा वर्ग, मग रुग्णालय, मग गाडी. गाडीची आखणीही साफारनंच केली आहे. रुग्णाच्या डोक्याशी बसायला जागा ठेवली आहे, कारण श्वास तिथून द्यायचा असतो. हे सगळं ठरवणारा माणूस बॉल्टिमोरच्या खोलीत उभा होता, हे ध्यानात ठेवा.

आणि मग पहिली खरी हाक. तुम्ही जिना चढता. वर एक म्हातारा पडलाय, त्याची बायको तुमच्याकडं बघते आणि तिला वाटतं, हा तर कोपऱ्यावरच्या दुकानात उभा असायचा. तुम्ही तिला नावानं हाक मारता, कारण तुम्हाला ते माहीत आहे. म्हाताऱ्याचं डोकं मागं नेता. ज्या वस्तीतले लोक आजवर फक्त इतरांच्या शिकण्याच्या कामी आले, त्या वस्तीतला शिकलेला हात आज त्याच वस्तीच्या कामी येतोय. पॅरामेडिकच्या, म्हणजे रुग्णवाहिकेवर तातडीचे उपचार करणाऱ्यांच्या, इतिहासात ह्याहून मोठं पान मला माहीत नाही.

१९७४ मध्ये नॅन्सी कॅरोलाइन ही तरुण डॉक्टर फ्रीडम हाऊसची वैद्यकीय प्रमुख झाली. ती गाडीतून बरोबर फिरायची आणि रुग्ण पोचल्यावर खरा वर्ग सुरू व्हायचा. काय बघितलंस, काय सुटलं, आधी हे का केलं नाहीस. पुढं तिनं लिहिलेलं ‘इमर्जन्सी केअर इन द स्ट्रीट्स’ हे पाठ्यपुस्तक जगभरचे पॅरामेडिक विद्यार्थी वाचू लागले. तोवर, १९७५ मध्ये, शहरानं स्वतःची सेवा सुरू करून फ्रीडम हाऊस बंद पाडलं होतं आणि तिथल्या अनुभवी माणसांना नव्या सेवेत दुय्यम वागणूक मिळाली.

पण पुस्तकातला शब्द आणि जिन्यातला म्हातारा ह्यांच्यामध्ये अंतर राहिलंच. नव्या विद्यार्थ्याच्या वाट्याला पहिल्या वर्षी कुठले रुग्ण येतील, हे नशिबावर असतं. कुणाला चार बाळंतपणं दिसतात, कुणाला एकही नाही. दुर्मीळ आजार तर दिसतच नाही, आणि पहिल्यांदा दिसतो तेव्हा शेजारी कुणी कॅरोलाइन नसते.

२००९. दक्षिण लंडनमधलं टूटिंग, सेंट जॉर्जेस विद्यापीठ. तुम्ही पॅरामेडिकचे विद्यार्थी, संगणकासमोर बसलेले. पडद्यावर ‘सेकंड लाइफ’ नावाचं त्रिमित आभासी जग उघडलंय. त्यात तुमचं एक पात्र आहे, तुमच्या गटातल्या इतरांचीही आहेत. एरवी त्या जगात लोक घरं बांधायचे, गप्पा मारायला जमायचे. सेंट जॉर्जेस आणि कॉव्हेंट्री विद्यापीठानं तिथं अपघाताच्या जागा उभ्या केल्या आहेत. तोवर हेच प्रसंग विद्यार्थी कागदावर वाचून चर्चा करत. आता रुग्ण समोर पडलेला आहे.

तुम्ही सगळे एकदम त्याच्याकडं धावता. जागा सुरक्षित आहे का, हे बघायला कुणीच उरत नाही. एक जण नाडी बघतो, दुसराही नाडीच बघतो. रक्तदाब मागवायचं कुणालाच सुचत नाही. मग तुमच्यातली एक जण टाइप करते, ‘थांबा. मी डोक्याशी. तू वेळ लिही. तू नातेवाईक.’ आणि गट सरळ होतो. जखम बांधता येते, औषध देता येतं, रुग्णाला गाडीत घालून त्या आभासी जगातल्या रुग्णालयात पोचवता येतं. शेवटी हस्तांतराचा फॉर्म भरायचा. तो ई-मेलनं जातो तो मात्र खऱ्याखुऱ्या शिक्षकाकडं. काय सापडलं, काय दिलं, किती वाजता. इथं थाप चालत नाही.

सुरुवातीचा बराच वेळ पात्र चालवायला शिकण्यात जातो, संगणक रेंगाळतो, चित्रं ओबडधोबड आहेत. तरीही २००९ साली ‘मेडिकल टीचर’ ह्या नियतकालिकात ह्या प्रयोगावर आलेला लेख वाचताना मला जाणवलं, की मुलांना ह्यात भावलं ते मुख्यतः एकत्र ठरवणं. कागदावरचा रुग्ण तुम्ही पान उलटेपर्यंत थांबतो. हा थांबत नाही. तुमचं भांडण मिटेपर्यंत त्याचं रक्त वाहतंच.

ह्यात जे नाही तेही सांगितलं पाहिजे. पडद्यातल्या रुग्णाला वजन नसतं. चाळीच्या वळणदार जिन्यातून ऐंशी किलोचा माणूस खुर्चीत बांधून उतरवताना मनगटं कशी भरून येतात, हे कुठलाही चष्मा शिकवणार नाही. घाम, उलटीचा वास, खांद्यावर पडणारा नातेवाइकाचा हात, ‘लवकर करा ना’ म्हणून ओरडणारी गर्दी, हे गाडीवरच शिकायचं. नळी घालणाऱ्या बोटांना प्लास्टिकचा घसा लागतो, मग खरा. आभासी रुग्ण शिकवतो ते बघायला, विचारायला, क्रम लावायला, आणि चुकलो हे वेळेत ओळखायला. तेवढं पुष्कळ आहे, कारण तिथं चुकलं तर माणूस जातो.

शेवटचा मुक्काम अजून आलेला नाही. मी तो बघायला निघालोय, तुम्हीही या.

२०३० चा पावसाळा. रायगड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. जुन्या शाळेची एक खोली, बाहेर धो-धो पाऊस. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, गाडीत डॉक्टर ठेवून. केंद्राच्या २०२१ च्या कायद्यानं पॅरामेडिकला अधिकृत व्यवसायांच्या यादीत जागा दिली. तुम्ही पॅरामेडिकच्या शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला आहात. डोळ्यांवर चष्मा चढवता आणि खोली नाहीशी होते.

पहाटेचे साडेचार. कौलारू घर, मिणमिणता दिवा. दहा वर्षांचा मुलगा भिंतीला टेकून बसलाय. आई मराठीतच बोलते, कारण हा प्रसंग इथल्याच कुणीतरी लिहिलाय. ‘रातच्याला नीट जेवला ओ. पहाटे उठला नि म्हणतो पोटात दुखतंय. एकदा ओकला. काय वंगाळ खाल्लं का काय.’ तुम्ही पोट तपासता, मऊ आहे. नाडी थोडी जलद, रक्तदाब ठीक, ऑक्सिजन ९७. ताप नाही. अन्नातून काही गेलं असेल, असं तुम्ही मनाशी धरता आणि उलटी थांबवायचं औषध देता. मुलगा झोपाळल्यासारखा दिसतो. पहाट आहे, झोप येणारच.

९५. त्याला पाणी देता, ते तोंडाच्या कडेनं ओघळतं. ‘पोरा, गिळ की,’ आई म्हणते. ९१. तो काहीतरी बोलतो, नाकातून बोलल्यासारखं, शब्द कळत नाहीत. तुम्ही पुन्हा पोटाकडं वळता. ८४. छाती हलते आहे, पण जेमतेम. आता तुम्हाला हातानं दाबून श्वास द्यायची अंबू बॅग आठवते, ती पिशवीत खाली गेलीये. आई ओरडायला लागते. बॅग हातात येईपर्यंत पडदा काळा होतो.

चष्मा काढता तेव्हा हात थरथरत असतात. बाई, तुमच्या शिक्षिका, खुर्ची ओढून समोर बसतात. रागावत नाहीत. नोंद उघडून एकच विचारतात, ‘पापणी कधी पडली?’ तुम्ही म्हणता, तो झोपाळला होता. ‘चारच्या ठोक्याला उलटी केलेलं पोर एवढ्या गडबडीत झोपाळेल?’ मग चित्रण मागं जातं. चौथ्या मिनिटाला दोन्ही पापण्या अर्ध्यावर आहेत. सातव्याला त्यानं वर बघायला कपाळ उचललं, पापण्या उचलल्या गेल्या नाहीत. तुमची नजर तेव्हा पोटावर होती.

मण्यार. रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, चावल्याचं कळतही नाही, खूण शोधून सापडेल असं नाही. सुरुवात पोटदुखीनं, मग पापण्या, मग गिळणं, मग श्वास. ह्याच जिल्ह्यातल्या महाडमध्ये राहून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचू आणि साप ह्यांच्या विषावर आयुष्य घातलं, ते गावच्या खाटेपाशी बसून बघत बघत. तशी नजर प्रत्येक गाडीवर असणार नाही. पण त्यांनी पाहिलेले रुग्ण पडद्यावर आणता येतील. आणि बाई तुम्हाला एक गोष्ट सांगतात, ती ऐकून तुम्ही ताठ बसता. मण्यारीचं विष स्नायू लुळे पाडतं. तो मुलगा शुद्धीत असू शकतो, आईचं रडणं ऐकत असू शकतो, फक्त त्याची छाती हलत नाही. बॉल्टिमोरच्या त्या तरुणासारखीच. दुसऱ्या कुणी श्वास देत राहिलं, तर विष ओसरेपर्यंत, मग दिवस लागोत की आठवडा, तो जगतो.

म्हणून माझा आग्रह आहे, की परदेशातून विकत आणलेल्या तयार प्रसंगांवर आपण थांबू नये. त्यातला रुग्ण नीट वाक्यांत सांगतो, छातीत दुखतंय, डाव्या हाताकडं जातंय. आपली आजी म्हणते, ‘जीव घाबरा होतोय रे, वात धरलाय.’ साप चावला तर गावाकडून फोनवर ‘पान लागलं’ एवढंच ऐकू येतं. हे रुग्ण लिहायला महागडा पुतळा लागत नाही. गाडीवर वर्षानुवर्षं काढलेले डॉक्टर, तालुक्याच्या दवाखान्यातल्या सिस्टर आणि आशाताई बसवा, त्यांच्याकडून ऐका, साध्या पडद्यावरही तो चालेल. नंदुरबारचा वेगळा, धारावीचा वेगळा, ऊसतोडीच्या फडातल्या बाळंतिणीचा वेगळा. आणि प्रत्येक प्रसंगामागं खुर्ची ओढून बसणारी एक बाई हवी. ती नसेल तर हा सगळा खर्च वाया, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘पुन्हा लावू?’ बाई विचारतात. तुम्ही चष्मा चढवता.

पहाटेचे साडेचार. कौलारू घर. ‘रातच्याला नीट जेवला ओ,’ आई सांगू लागते. तुम्ही मुलासमोर उकिडवे बसता, पोटाला हात लावायच्या आधी त्याच्या चेहऱ्याकडं बघता.

‘काय रे, काल कुठं झोपला होतास?’

‘खाली.’

‘वर बघ. माझ्या बोटाकडं. डोकं नाही हलवायचं, नुसते डोळे.’

बोट वर जातं. पापण्या अर्ध्यावर थांबतात. तुम्ही मागं न बघता अंबू बॅग मागता, मुलाला कुशीवर घेता, ड्रायव्हरला गाडी दारापर्यंत घ्यायला सांगता आणि दुसऱ्या हातानं फोन लावता. ‘ग्रामीण रुग्णालय? १०८ वरून बोलतोय. मुलगा, वय १०. जमिनीवर झोपला होता, पोटदुखी, एक उलटी, दोन्ही पापण्या पडल्यात, मण्यारीचा संशय. ऑक्सिजन ९६, श्वास अजून स्वतःचा आहे. पस्तीस मिनिटांत पोचतोय. सापाचं प्रतिविष काढून ठेवा, आणि व्हेंटिलेटर नसेल तर आत्ताच सांगा, मी सरळ पुढं नेतो.’